मोहरीच्या बरणीला फोडणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला तोंडापासून बुडापर्यंत तडा गेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गोष्ट अर्ध्यावर आल्यावर कोणी ‘अरेरे, बिचारी’ म्हणायला नको. बिचारी मी कधीच नव्हते. माझ्या जातीच्या कितीतरी बरण्या आत्मवृत्त सांगायला बसल्या की आधी डोळ्यांना पदर लावतात आणि शेवटी ‘आम्हाला जपा हो’ म्हणून हात जोडतात. मला हात नाहीत, आणि असते तरी मी ते जोडले नसते.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळून तिचा लालभडक रस होतो, एवढ्या आगीत मी घडले. तेव्हा आगीची भीती मला दाखवू नका. पुढे गोष्टीत आग येणार आहे, म्हणून ही ओळख आत्ताच करून दिली.

भट्टीतून मी चिखलदऱ्याला गेले. तिथे माझ्यात जंगलचा मध भरून मला रस्त्याकडेच्या दुकानात मांडले. एके दिवशी अमरावतीच्या एका शाळेची सहल आली. सहलीबरोबर गणिताचे शिक्षक नारायणराव आणि त्यांच्या पत्नी अनसूयाबाई होत्या. बाईंनी मध चाखून पाहिला नाही. त्यांनी माझे झाकण उघडले, लावले, पुन्हा उघडले आणि म्हणाल्या, “मध कसाही असो, झाकण घट्ट आहे.” माझ्या आयुष्यातली ही पहिली स्तुती. ती मला अजून तोंडपाठ आहे.

मध महिन्याभरात संपला. मग अनसूयाबाईंनी मला कढत पाण्याने धुतले. कढत पाणी ओतण्याआधी त्यांनी माझ्यात एक स्टीलचा चमचा उभा केला. ही त्यांची जन्मभराची रीत होती. काचेत गरम काही ओतायचे तर आधी चमचा, मग पाणी. चमचा आच ओढून घेतो आणि काच वाचते, असे त्यांना त्यांच्या आईने सांगितले होते. पुढे या चमच्याची आठवण मला फार येणार होती.

त्यानंतर तीस वर्षे मी फेसलेल्या मोहरीची बरणी होते. मित्रांनो, मोहरी फेसणे हे काही येरागबाळ्याचे काम नाही. मोहरी पाट्यावर थेंब थेंब पाणी घालत वाटायची आणि तळहाताने घोटत राहायची. हळूहळू तिला फेस येतो, रंग फिका होतो आणि अशी झणझणीत वाफ उठते की शेजारच्या खोलीतला माणूस शिंकतो. ती मोहरी लोणच्यात जायची, केळीच्या कोशिंबिरीत जायची. बाईंची मुलगी स्वराली लहानपणी गुपचूप माझे झाकण काढायची, नाक खुपसायची आणि डोळ्यांतून पाणी गाळत हसत सुटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाक हजर! अशी पोर मला फार आवडायची.

सहा वर्षांपूर्वी अनसूयाबाई गेल्या. स्वराली तोवर पुण्याला नोकरीला लागली होती. घरात राहिले एकटे नारायणराव. त्यांनी माझ्यात खिळे आणि स्क्रू भरले आणि मला स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकले. मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? ज्या पोटात मोहरी फेसफेसली त्या पोटात गंजके खिळे! पण फुटायचे नाही, असे मी ठरवले. फुटलेल्या बरणीचा राग कोणालाच ऐकू जात नाही.

आता खरी गोष्ट. गेल्या दिवाळीनंतर नारायणरावांनी एका सकाळी गंजात, म्हणजे आमच्याकडच्या पातेल्यात, दूध तापत ठेवले आणि पेपरातले आकड्यांचे कोडे सोडवायला बसले. कोडे सुटले, पण दुधाचा कोळसा झाला. गंज आतून-बाहेरून काळा पडला, घरभर धूर झाला आणि शेजाऱ्यांनी खिडकीतून हाका मारल्या. चूक होती, मोठीच होती. नारायणरावांनी ती स्वतःच फोन करून लेकीला सांगितली. त्याचा परिणाम असा झाला की स्वराली रात्रीची गाडी पकडून आली, तिने सिलिंडरचा रेग्युलेटर काढला, पर्समध्ये घातला आणि पुण्याला घेऊन गेली. जाताना बाहेरचा डबा लावून गेली.

“तुमच्या काळजीपोटीच करते ना, बाबा,” असे ती दारात म्हणाली. नारायणरावांनी तिची बॅग उचलून बाहेर नेऊन दिली. आयुष्यभर मुलांच्या चुका तांबड्या शाईने सुधारणारा माणूस तो. एका चुकीसाठी त्यांनी कधी कोणाची वहीच जप्त केली नव्हती.

डब्यातली भाजी पाणीदार आणि पोळी वातड. नारायणराव चहाला टपरीवर जायचे आणि डबा अर्धा टाकून द्यायचे. महिन्याभरात सदरा अंगावर लोंबू लागला. ते पहिल्यांदा पाहिले जमुनाबाईने. जमुनाबाई नांदगाव खंडेश्वरकडची शेतकरीण. रोज सकाळच्या एसटीने स्वतःच्या शेतातल्या पालेभाज्या घेऊन यायची आणि कॉलनीत दारोदार विकायची. तिची जीभ तिच्या विळ्यासारखीच.

“मास्तर, तुमी असे काहून सुकून राहिले? जेवता का नाई?”

नारायणरावांनी रेग्युलेटरची हकिकत सांगितली. जमुनाबाईने टोपली खाली ठेवली.

“चूल पेटवाले मना केलं तुमच्या पोरीनं. खायले तं मना नाई केलं ना? आमी शेतात काय गॅस घेऊन जातो का? घोळाना करा अन् खा!”

तिने तिथेच ओट्यावर करून दाखवले. मेथीची आणि करडीची कोवळी पाने चिरली, कांदा फोडला, सांभार म्हणजे कोथिंबीर, दाण्याचा कूट, मीठ, वरून कच्चे तेल आणि लिंबू. सगळे हाताने कालवले. झाला घोळाणा. शिवाय तिने हेही कबूल केले, की दोन भाकरी ती घरून रोज आणत जाईल. नारायणराव शुद्ध शहरी घरातले. कच्चे तेल म्हणजे मजुराचे खाणे, ते पाहुण्याला वाढायचे नसते, असे ऐकत वाढलेले. पण भूक लागली होती. त्यांनी ताट पुसून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी स्वतः केला तर फसला. तेल एकीकडे, लिंबाचा रस दुसरीकडे, आणि पाने मध्ये कोरडी. गणिताच्या मास्तरांना असे उत्तर चालत नाही. संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांनी ताट फोनसमोर धरले. स्वराली हसली.

“बाबा, आम्ही इथे सॅलडवर घालतो ना, त्याला व्हिनेग्रेट म्हणतात. तेल तीन भाग, आंबट एक भाग. थोडी वाटलेली मोहरी घालायची, म्हणजे ते दोन्ही एकमेकांना धरून राहतात. बाटलीत घालून जोरात हलवायचं.”

बोलून गेली बिचारी. बापाच्या हातात आपणच शस्त्र देत आहोत हे तिला कळले नाही. नारायणरावांनी कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेतले: तेल ३, आंबट १, मोहरी चमचाभर. मग बराच वेळ त्या ‘मोहरी’ शब्दाकडे पाहत बसले. आणि मग, मित्रांनो, माळ्याला शिडी लागली.

खिळे बाहेर आले, मी राखेने घासली गेले, उन्हात वाळले. पाट्यावर मोहरी आली. पण पहिल्या दिवशी मास्तरांनी घाई केली. मोहरी फेसली न फेसली तोच तिच्यावर लिंबू पिळले, आणि ती कडूजहर झाली. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतले. तीस वर्षे पोटात ठेवली आहे मी तिला! आंबट लगेच घातले की तिचा झणका येतच नाही, कडूपणा तेवढा मागे राहतो. आधी पाण्यात घोटायची, दहा मिनिटे गप्प बसू द्यायची, मग आंबट. चौथ्या दिवशी मास्तरांना ते उमगले.

मग त्यांची पद्धत बसली. माझ्या पोटावर त्यांनी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले. खालच्या पट्टीपर्यंत आंबट संत्र्याचा आणि लिंबाचा रस. त्यात मीठ आणि गुळाचा खडा आधीच विरघळवायचा, कारण तेलात मीठ विरघळत नाही. मग फेसलेली मोहरी. मग वरच्या पट्टीपर्यंत घाण्यावरचे करडीचे तेल. झाकण घट्ट. आणि मग मास्तर मला दोन्ही हातांनी धरून हलवायचे, मोठ्याने मोजत, चाळीसपर्यंत. काय सांगू तुम्हाला! सहा वर्षे माळ्यावर पडलेल्या जीवाला कोणीतरी गदगदा हलवावे, याहून मोठे सुख नाही. चाळिसाव्या हिसक्याला माझ्यात पिवळीधम्मक, सायीसारखी दाट गोष्ट तयार असायची. ती पानापानाला धरून बसायची.

जमुनाबाईने बोट बुडवून चाटले आणि डोळे मिचकावले. “हे तं आमच्या घोळान्याचंच तेल-लिंबू हाय, मास्तर. पन शाळा शिकून आलं!”

महिनाभरात नारायणरावांचे गाल भरले. डबा बंद केला. भिजवलेली मटकी, काकडी, मुळा, गाजर, पालक, जे टोपलीत येईल त्यावर माझ्यातले चार चमचे. मी रोज कामावर होते, आणि तेही.

आणि जानेवारीत फोन आला.

“बाबा, मी गुरुवारी येते आहे. रविवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. आता तुम्ही कायमचे माझ्याकडे. घर भाड्याने देऊन टाकू.”

नारायणरावांनी समोरची मोहरी बाजूला सारली. “ये तू,” ते म्हणाले. “तीन दिवस माझ्या हातचं जेव. गॅस लागणार नाही. तीन दिवसांत एकदा जरी उपाशी उठलीस, तर मुकाट्याने पिशवी भरून येतो. नाहीतर एक तिकीट परत कर.”

पलीकडे ती हसली. कबूल आहे म्हणाली. तिला वाटले, पहिल्याच दिवशी जिंकते.

गुरुवारी ती आली. पर्समधून रेग्युलेटर काढून सिलिंडरला लावला, स्वतःपुरता चहा केला आणि रेग्युलेटर परत काढून पर्समध्ये ठेवला. कुलूप-किल्ली हाती असल्यासारखा तिचा तो रुबाब पाहून माझ्या काचेला घाम फुटला. दुपारी बापाने ताट वाढले. जमुनाबाईची ज्वारीची भाकर, मेथीचा घोळाणा, मुळा-गाजर, दही. स्वरालीने घासभर खाल्ले, थांबली, आणि बोटाला लागलेले पिवळे नाकाशी नेले. मला माहीत आहे तिला काय आठवले. पण ती तोंडाने एवढेच म्हणाली, “ठीक आहे.”

शुक्रवारी तिने दुसऱ्यांदा मागून घेतले. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली, इकडेतिकडे पाहिले, माझे झाकण काढले आणि नाक खुपसले. डोळ्यांतून घळघळ पाणी. या वेळी ती हसली नाही. मोहरीचे पाणी किती आणि दुसरे किती, ते मला सांगता येणार नाही. पण झाकण लावून ती बाहेर गेली आणि फोनवर कोणाला तरी सांगू लागली, “हो, रविवारीच. बाबा ऐकतील.”

म्हणजे पोट भरले तरी पोरीचा हेका तोच. मी चिडले. मास्तर पैज जिंकत होते आणि तरी हरणार होते.

शनिवारी सकाळी नारायणराव अंगणात बसून मेथी निवडत होते. माझ्यात रस, मोहरी आणि तेल तयार होते. स्वराली ओट्याजवळ आली, चमचाभर चाखले आणि तिच्यातली वऱ्हाडी पोर जागी झाली. “बाबा,” तिने हाक मारली, “सगळं छान आहे, पण कच्चं कच्चं लागतं हो. यावर हिंग-जिऱ्याची फोडणी पडली ना, तर बहार येईल.”

“त्याला फोडणी लागत नाही,” नारायणराव अंगणातून म्हणाले.

“फोडणी लागत नाही असं जगात काही असतं का?”

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, मित्रांनो. वरणाला फोडणी, ताकाला फोडणी, शिळ्या भाकरीला फोडणी. हात आपोआप फोडणीच्या कढल्याकडे जातो. तिने रेग्युलेटर लावला, कढल्यात तेल ओतले, गॅस पेटवला, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसचा होता. आत आवाज नीट येईना, म्हणून ती बोलत बोलत पुढच्या खोलीत गेली.

मी पाहत होते. तेलावर आधी बारीक रेषा आल्या, मग वास, मग निळसर धूर. मला ओरडता आले असते तर अख्खी कॉलनी गोळा केली असती. धुराच्या वासाने स्वराली धावत आली, फोन कानाशीच. घाबरून तिने कढले सांडशीत धरून उचलले, त्यात जिरे-हिंग फेकले आणि ते जळते तेल सरळ माझ्यात ओतले. गॅस तसाच पेटलेला. आणि आईचा चमचा? तो कोणालाच आठवला नाही.

टच्च!

रसावर जळते तेल पडले, त्याचा भडका उडाल्यासारखे शिंतोडे उडाले. मला तोंडापासून बुडापर्यंत तडा गेला आणि तेल ओट्यावरून पेटलेल्या शेगडीकडे ओघळू लागले. स्वराली जागीच थिजली. नारायणराव कधी आत आले कळले नाही. त्यांनी आधी बटण फिरवले, मग खाली वाकून रेग्युलेटर बंद केला, मग ओट्यावर फडके टाकले. बहात्तर वर्षांच्या माणसाने तीन कामे, एका क्रमाने, एकही चूक न करता.

“हाताला भाजलं का?” हे त्यांचे पहिले शब्द. तिचा हात धरून त्यांनी नळाखाली नेला. मनगटावर दोन लाल ठिपके होते. पाणी बराच वेळ वाहत होते. मग ते शांतपणे म्हणाले,

“मी दूध विसरलो, तर तू माझं घर काढून घ्यायला निघालीस. आज तू तेल विसरलीस, स्वरा. तुझं काय काढून घेऊ मी?”

स्वरालीने नळ बंद केला आणि बापाच्या खांद्यावर डोके ठेवून रडली, हमसून हमसून. त्यांनी तिला रडू दिले. नंतर तिनेच पाटा धुतला, मोहरी घेतली आणि आईसारखी थेंब थेंब पाणी घालत फेसायला बसली. दहा मिनिटे गप्प बसू देण्याची गोष्ट तिला सांगावी लागली नाही. त्या दिवशीची तेल-मोहरी स्टीलच्या डब्यात हलवली गेली. चाळीस हिसके तिने मोजले. जेवण झाल्यावर तिने एक तिकीट रद्द केले.

मला तिने कागदात गुंडाळून घंटागाडीसाठी दाराशी ठेवले होते. तडा गेलेल्या काचेत खाण्याचे काही ठेवू नये, हे तिचे खरेच होते. काचेचा कण पोटात जातो. पण नारायणरावांनी मला कागदातून बाहेर काढले. रविवारी सकाळी जमुनाबाई आली, तिने मला उलटसुलट करून पाहिले.

“फेकता काहून? खालून पानी झिरपते तं चांगलंच हाय. काळी माती भरा अन् मोहरी पेरा.”

स्वराली निघाली तेव्हा रिक्षा दाराशी उभी होती. ती आत परत आली. तिने पर्स उघडली, रेग्युलेटर काढला आणि ओट्यावर ठेवला. त्याच्या शेजारी आपले प्रवासाचे गजराचे घड्याळ ठेवले. “गॅस लावला की हे लावायचं,” ती म्हणाली. “तुम्ही तुमच्याकडे, मी माझ्याकडे. दोघांनीही.” नारायणराव म्हणाले, “मान्य.”

मी आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. माझ्यात नांदगावची काळी माती आहे आणि मोहरीची रोपे वीतभर झाली आहेत. तड्यातून जास्तीचे पाणी निघून जाते, म्हणून मुळे कुजत नाहीत. सकाळी मास्तर येतात, गजर लावतात, दूध तापवतात आणि माझी चार तिखट पाने घोळाण्यासाठी खुडून नेतात. मागच्या आठवड्यात शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “सर, फुटकी बरणी ठेवलीत अजून?” मास्तर म्हणाले, “फुटकी नाही. बदली झाली आहे तिची.”

म्हणून मित्रांनो, शेवटी विनवणी वगैरे मी करणार नाही, तुम्हाला स्पष्टच सांगते. जुन्या बरणीला आणि म्हाताऱ्या माणसाला जपायचे असेल, तर त्यांचे काम काढून घेऊ नका. माळ्यावर ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. चूक झाली तर चमचा द्या, गजर द्या, माती द्या, पण हातातले काम राहू द्या. आणि नाहीच पटले, तर या आमच्या खिडकीशी आणि माझे एक पान चावून पाहा. डोळ्यांतून पाणी आले नाही, तर मी मोहरीची बरणी नव्हे.